सत्तर एमएममधले पाच मिलिमीटर

सांगलीत साठीच्या पुढच्या कुणासमोरही 'सत्तर एमएम' म्हणून बघा, दोन्ही हात आपोआप बाजूला पसरतात. एवढा पडदा! खरं तर हा आकडा फिल्मच्या पट्टीच्या रुंदीचा. गंमत अशी की सत्तर एमएमच्या प्रिंट मोजक्याच निघत आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत लागत. बाकी महाराष्ट्राने तेच सिनेमे साध्या ३५ मिमी प्रिंटवर पाहिले. तरी पोस्टरवरचा आकडा डोक्यात बसला तो बसलाच, आणि बसला तो पडद्याच्या रुंदीमुळे. आवाजाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माझं मत विचाराल तर सत्तर एमएमची खरी मिजास आवाजात होती.

त्याचा पुरावा आकड्यातच आहे. कॅमेऱ्यात जी फिल्म चालायची ती ७० मिमीची नव्हती, ६५ मिमीची होती. थिएटरला जाणारी प्रिंट मात्र ७० मिमीवर निघायची. दोन्ही कडांना अडीच-अडीच मिलिमीटर जागा वाढवली, ती आवाजासाठी. १९५५ मध्ये अमेरिकेत 'टॉड-एओ' पद्धत आली तेव्हापासून हे माप रूढ झालं. १९७५चा 'शोले' चित्रित झाला ३५ मिमीवर आणि नंतर मोठा करून सत्तर एमएमवर उतरवला गेला. परदेशातही पुढच्या काळात असेच 'फुगवलेले' सिनेमे बरेच आले, आणि त्यामागे चित्रापेक्षा सहा ट्रॅकच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सहा वेगळ्या ध्वनिमुद्रणांच्या, आवाजाचा मोह मोठा होता.

साध्या ३५ मिमी प्रिंटवर आवाज म्हणजे चित्राच्या कडेला छापलेली एक नागमोडी रेघ. तिच्यातून बारीक प्रकाश सोडायचा, पलीकडे पोचणारा प्रकाश जसा कमी-जास्त होईल तशी वीज कमी-जास्त होते आणि तिचाच पुढे आवाज होतो. ही रेघ चित्राबरोबर लॅबमध्येच छापून निघते, म्हणून स्वस्त. पण प्रकाशाला ओरखडा कुठला आणि संगीत कुठलं हे कळत नाही. धूळ बसली, चरे पडले की खरखर सुरू. ती दाबायची म्हणून वरच्या पट्टीचे स्वरही मुद्दाम कापले जात. तंबूतल्या सिनेमाचा तो भोंग्यासारखा आवाज आठवतो ना, त्यात कर्ण्याइतकाच या कापाकापीचाही हात होता.

सत्तर एमएमवर प्रिंट धुऊन वाळली की तिच्यावर लोह ऑक्साइडच्या चार तपकिरी पट्ट्या चढवत. हे लोह ऑक्साइड म्हणजे रासायनिकदृष्ट्या गंजाचाच भाऊबंद. आवाज त्यावर चुंबकत्वाच्या रूपात नोंदला जाई, कॅसेटच्या टेपसारखा. फिल्म ओढण्यासाठी दोन्ही कडांना जी भोकं असतात त्यांच्या बाहेरच्या दोन पट्ट्या रुंद, त्यांवर प्रत्येकी दोन ट्रॅक. भोकं आणि चित्र यांच्यामधल्या दोन अरुंद, त्यांवर एकेक. झाले सहा. पाच ट्रॅक पडद्यामागच्या पाच स्पीकरसाठी आणि सहावा प्रेक्षागृहातल्या भिंतींवरच्या स्पीकरसाठी. पडद्याला बारीक छिद्रं असतात ती याचसाठी, मागचा आवाज पुढे यावा म्हणून. सुरुवातीच्या सिनेमांत तर नट पडद्याच्या डाव्या टोकाला असेल तर संवादही डावीकडूनच यायचा. सांगलीसारख्या नाट्यपंढरीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हाही आवाज जिथे पात्र उभं तिथूनच येत होता. सिनेमाने ही गोष्ट गमावली होती, ती सहा ट्रॅकनी परत मिळवली. पुढे बहुतेकांनी संवाद मधल्या स्पीकरवरच ठेवायला सुरुवात केली, ते वेगळं.

हा थाट महाग होता. पट्टी चढवली म्हणजे आवाज आला असं नाही. प्रत्येक प्रिंट मशीनवर चालवून तिच्यावर वेगळं ध्वनिमुद्रण करावं लागे. तीन तासांचा सिनेमा, तर प्रत्येक प्रिंटमागे तीन तास.

या पट्टीवर आवाज नेमका कसा बसतो हे मी मिरजेत एका निवृत्त ऑपरेटरकाकांकडे पाहिलं. त्यांच्याकडे मुंबईहून कधीतरी आलेला सत्तर एमएमचा वीतभर तुकडा आहे. त्यांनी लोखंडाची अगदी मैद्यासारखी भुकटी स्पिरिटमध्ये कालवली, मऊ ब्रशने पट्टीवर फिरवली आणि स्पिरिट उडून जाऊ दिलं. रुंद पट्टीवर आडव्या करड्या रेघा उमटल्या, फणीच्या दातांसारख्या. 'घ्या, मोजा,' म्हणत काकांनी पट्टी पुढे केली. दोन रेघांमधलं अंतर तीन मिलिमीटरपेक्षा जरासं कमी भरलं. चुंबकाची दिशा जिथे उलटते तिथे भुकटी गोळा होते आणि एका लहरीत ती दोनदा उलटते. म्हणजे एक पूर्ण लहर साधारण ५.७ मिलिमीटरची. सत्तर एमएम फिल्म सेकंदाला ५७० मिलिमीटर धावते. भागाकार करा, सेकंदाला १०० कंपनं. तो खर्जातला घुमारा होता, बहुधा एखाद्या यंत्राचा. काही ठिकाणी रेघा इतक्या दाट होत्या की नुसता करडा पट्टा दिसत होता, ते वरचे स्वर. सहाव्या ट्रॅकवर काहीच उमटलं नाही. त्या क्षणी भिंतीवरचे स्पीकर गप्प असणार. वीतभर फिल्म म्हणजे जेमतेम ०.४ सेकंद, त्यातही एवढं सगळं.

तो ५७०चा आकडा महत्त्वाचा आहे. ३५ मिमीत एका चित्राला चार भोकं, सत्तर एमएममध्ये पाच. त्यामुळे २४ चित्रांच्या त्याच वेगाला ३५ मिमीची फिल्म ४५६ मिलिमीटर सरकते आणि सत्तरची ५७०. आपली जुनी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर चालायची, म्हणजे बारापट हळू. १० हजार कंपनांच्या स्वराची एक लहर कॅसेटवर पाच मायक्रॉनच्याही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत कोंबावी लागे, इथे तिला ५७ मायक्रॉन ऐसपैस जागा मिळते. शिवाय ट्रॅकही रुंद. आवाज खुला वाटायचा तो यामुळे.

पण पट्टीवरचा आवाज वाचणारं चुंबकीय हेड पट्टीला घासूनच चाललं पाहिजे. दोघांमध्ये लहरीच्या एक दशांश एवढी जरी फट पडली तरी त्या स्वराची पातळी जवळपास निम्मी होते. १० हजार कंपनांसाठी ही फट सहा मायक्रॉनसुद्धा नाही. हेडवर साचलेला ऑक्साइडचा थर तेवढा सहज होतो. खर्जाला त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून हेड मळलं की आवाज बंद पडत नाही, नुसता बोदा होतो, आणि प्रेक्षक थिएटरच्या स्पीकरला शिव्या घालतात. चांगले ऑपरेटर दर रिळाला स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसत. हेडमधली बारीक फट फिल्मच्या धावेशी काटकोनातही हवी. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी कणभर घासतो आणि तार एकदम बोलायला लागते. हेडचा स्क्रू फिरवणं त्याच जातीचं काम. तिरकं राहिलं तर आधी तलम स्वर जातात.

प्रोजेक्टरची यंत्रं त्यासाठीच वेगळी होती. फिलिप्सचं डीपी ७० आणि इटलीच्या चिनेमेकानिकाचं व्हिक्टोरिया ८ ही त्यातली नामांकित, दोन्हींवर ३५ आणि ७० चालत. डीपी ७० च्या एकाच रोलरवर दोन्ही मापांचे दाते असायचे. चुंबकीय हेड बसवत ते प्रोजेक्टरच्या डोक्यावर, चित्राच्या खिडकीच्या, म्हणजे जिथे फिल्मवर दिव्याचा प्रकाश पडतो त्या चौकटीच्या, आधी. खिडकीत फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते, पण हेडवर ती तेलासारखी सरकायला हवी, म्हणून तिथे जड चाकं लावून धक्के शोषून घेतात. हेड वर असल्यामुळे आवाज आपल्या चित्रापेक्षा २४ चित्रं मागे, म्हणजे बरोबर एक सेकंद मागे, ध्वनिमुद्रित केलेला असतो. साध्या ३५ मिमीत उलट, आवाजाचा दिवा खिडकीच्या खाली, म्हणून आवाज पुढे छापलेला. खिडकी आणि हेड यांच्यामधला फिल्मचा सैल वळसा, म्हणजे लूप, लहान-मोठा झाला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. आणि कात्रीला चुंबकत्व आलं असेल तर जोड दिलेल्या प्रत्येक जागी 'टक्' ऐकू येणारच.

१९७० च्या दशकात डॉल्बी कंपनीने ३५ मिमीच्या छापील रेघेतच स्टिरिओ बसवला, पुढे १९९२ आणि १९९३ मध्ये डिजिटल आवाज आला, आणि चुंबकीय पट्टीचा खर्च कुणाला परवडेना. आज नवी सत्तर एमएम प्रिंट निघाली तरी तिच्यावर ही पट्टी नसते. त्यामुळे नव्या थाटाच्या केबिनमध्ये जुनी प्रिंट लावली तर चित्र दिसेल, पण वाचणारं हेडच नसेल तर सिनेमा मुका.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. त्या काळच्या प्रिंट ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या. दमट हवेत ॲसिटेट विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. आणि सुटलेलं ॲसिड पुढच्या विघटनाला आणखी जोर देतं. चुंबकीय पट्टीतलं लोह या क्रियेला हातभार लावतं. ज्या लोखंडाने आवाज धरून ठेवला तेच फिल्म खातं. म्हणून तशाच साठवणीत बिनपट्टीच्या प्रिंटपेक्षा पट्टीवाली आधी जाते. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तर विचारू नका. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या माळ्यांपर्यंत पाणी चढलं होतं, तिथे लोखंडी ट्रंकेतल्या रिळांची काय कथा.

तुमच्याकडे एखाद्या बंद थिएटरची रिळं पडलेली असतील तर आधी डबा उघडून वास घ्या. आंबूस आला तर ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. डबा हवाबंद करू नका, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. मग शंभर भोकं मोजून पट्टीने लांबी घ्या. ताज्या फिल्मवर ती ४७५ मिलिमीटर भरते. पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे एका भोकाच्या टप्प्याएवढी कमी भरली तर फिल्म एक टक्का आकसली आहे, आणि तिला दातेरी रोलरवर चढवलं तर भोकं फाटतील. अशी रिळं हौसेने चालवून बघू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.