नकार न देणारा अ‍ॅलोकेटर : पार्श्वभूमी
आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीत शाळकरी मुलांनाही पाठ असते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मोकळ्या मेमरीसाठी अशाच खुणा आहेत. भीती मात्र पातळी उतरण्याची असते. एका खुणेखाली कर्नलचा स्वतंत्र थ्रेड पेजेस, म्हणजे मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे, मोकळी करू लागतो, किमान खुणेखाली मागणाऱ्या प्रोसेसलाच (चालू प्रोग्रॅमलाच) ते काम करावे लागते. तरीही मेमरी मिळाली नाही तर काय, हा जुना पेच आहे. 1975 च्या सहाव्या युनिक्समध्ये स्वॅपची, म्हणजे मेमरीतला मजकूर तात्पुरता ठेवण्याची डिस्कवरची, जागा संपली की कर्नल पॅनिक होऊन सगळेच थांबत असे.

लिनक्समध्ये खरा गोंधळ ‘अपयश’ या शब्दाचा आहे. कर्नलमध्ये मेमरी मागणाऱ्या केमॅलॉक या फंक्शननंतर दर वेळी नल (मेमरी न मिळाल्याची खूण) तपासावा, असे विद्यार्थ्यांना आपण आजही बजावतो. प्रत्यक्षात 8 पेजेसपर्यंतची, म्हणजे 4 केबीच्या पेजनुसार 32 केबीपर्यंतची साधी मागणी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटून देणारा कर्नलचा भाग, जवळपास कधीच नाकारत नसे. तो प्रयत्न करत राही आणि शेवटी एखादी प्रोसेस बंद पाडून तिचा बळी देई. हा अलिखित नियम 2014 च्या डिसेंबरमध्ये चव्हाट्यावर आला, तेव्हा फाइल सिस्टिम लिहिणारेही चकित झाले. लॉक (एका वेळी एकालाच वापर देणारे कुलूप) धरून बसलेली प्रोसेस मेमरी मागते, बळी म्हणून निवडलेली प्रोसेस त्याच लॉकसाठी अडून असते, आणि मेमरी मिळाल्याशिवाय लॉक सुटत नाही, असा तो तिढा होता. लहान मागण्यांनाही नकार द्यावा, हा उपाय तत्त्वतः शुद्ध होता. पण त्यामुळे कधीच न चाललेला एरर हाताळणारा कोड ऐन टंचाईत पहिल्यांदा चालला असता. मागणी मुद्दाम अपयशी करून पाहण्याची सोय 2007 पासून असूनही तो कोड फारसा तपासला गेला नव्हता, हा दोष अ‍ॅलोकेटरच्या माथी मारणे अन्यायाचे वाटते.

‘नकार चालणारच नाही’ असे मागणीसोबत सांगणाऱ्या ‘नोफेल’ फ्लॅगचा (खुणेचा) प्रवासही असाच वाकडा आहे. ज्याने त्याने आपल्या कोडमध्ये लिहिलेली पुनःप्रयत्नांची लूप हटावी म्हणून तो 2003 मध्ये आला, पुढे त्याज्य ठरला, आणि ती लूप अधिक घातक असल्याचे मान्य करून 2015 मध्ये त्याला पुन्हा मोकळीक मिळाली. 2016 च्या 4.6 आवृत्तीपासून बळी पडलेली प्रोसेस संपण्याची वाट न पाहता तिची मेमरी काढून घेता येते. ‘कसून प्रयत्न कर, पण नकार चालेल’ असे सांगणारा फ्लॅग 2017 मध्ये आला. तो न लावलेल्या लहान मागण्यांची रीत मात्र तीच राहिली.