जहाजावरची जुनी डायरी ब्रिटनमध्ये छापायची आहे? परवाना, पात्रता आणि अडणारी कागदपत्रं

1850च्या दशकात लिव्हरपूलहून शिडाच्या जहाजाने मेलबर्नला निघालेल्या एखाद्या प्रवाशाने तीन-चार महिने समुद्रावर लिहिलेली डायरी तुम्हाला एखाद्या ब्रिटिश संग्रहालयात सापडली आहे. ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये स्थलांतरितांच्या अशा डायऱ्या आहेत. लिहिणाऱ्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, म्हणजे आता ती कुणीही छापावी, असं वाटणं साहजिक आहे. पहिला घोटाळा इथेच होतो.

ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर 70 वर्षांचा नियम या डायरीला लागत नाही. लेखक 1969 पूर्वी वारला असेल आणि 1 ऑगस्ट 1989 पर्यंत लेखन छापलं गेलं नसेल, तर त्यावरचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2039 पर्यंत चालतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची वही अजून हक्कात अडकलेली असावी हे मला आजही पटत नाही. 2014 मध्ये तिथल्या काही संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी पहिल्या महायुद्धातल्या पत्रांच्या जागी कोरे कागद मांडून याचा निषेध केला होता. सरकारने लोकांची मतंही मागवली. नियम मात्र तसाच आहे, त्यामुळे अर्ज त्याला धरूनच करावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. एखाद्या स्थानिक इतिहास मंडळाने ही डायरी 1960च्या सुमारास पुस्तिका म्हणून छापली असेल, तर मुदत त्या प्रकाशनापासून 50 वर्षं. म्हणजे ती केव्हाच संपली आणि तुम्हाला परवाना लागतच नाही. आणखी एक इशारा: समीक्षेसाठी उतारा देण्याची जी सवलत असते, ती लोकांसमोर आलेल्या लेखनापुरती आहे. अप्रकाशित डायरीतली पानंच्या पानं ‘अवतरण’ म्हणून घालू नका.

हक्कदार सापडत नसेल तर 29 ऑक्टोबर 2014 पासून ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून, म्हणजे इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी ऑफिसकडून, ‘ऑर्फन वर्क’ परवाना मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा, शुल्क भरायचं, वापर व्यावसायिक आहे की नाही ते सांगायचं. हा भाग सोपा आहे. जीव काढतो तो हक्कदाराच्या शोधाचा पुरावा.

बहुतेक जण डायरी ज्या गावात सापडली तिथलेच वारस शोधतात. पण ही डायरी इंग्लंडला पोचली कशी, याचा विचार करा. अनेक प्रवाशांनी प्रवास संपल्यावर वही घरी, आईकडे किंवा भावाकडे, पाठवून दिली. कागद त्या घराचा झाला, लेखनाचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडेच राहिला आणि पुढे त्याच्या ऑस्ट्रेलियातल्या मुलाबाळांकडे गेला. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तसाच हा प्रकार. केवळ इंग्लंडात शोध घेऊन दिलेला पुरावा म्हणूनच अपुरा ठरतो.

इथे कामाला येतो तो व्हिक्टोरियाचा, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथला, मृत्यूदाखला. अर्जदाराच्या हातात तो सहसा नसतोच. तिथे 1853 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे. दाखल्यात बऱ्याचदा आईवडिलांची नावं, वसाहतीत काढलेली वर्षं आणि मुलांची नावं वयांसकट असतात. त्या एका कागदावरून वारसांची पुढची पिढी हाती लागते. माणूस नक्की कोणत्या जहाजाने आला हे पाहायला पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरियाकडे प्रवाशांच्या सूची आहेत. सरकारी मदतीने आलेल्यांची आणि स्वखर्चाने आलेल्यांची सूची वेगळी, तेव्हा दोन्ही बघा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे शोधा.

मृत्युपत्रही वाचा, कंटाळा करू नका. अप्रकाशित हस्तलिखित कुणाला मृत्युपत्राने दिलं असेल आणि त्यात वेगळं काही म्हटलं नसेल, तर कागदाबरोबर कॉपीराइटही त्याच्याकडे गेलेला असू शकतो. त्या एका ओळीने सगळी वंशावळ दुसऱ्या घराकडे वळू शकते.

शोधात वारस सापडला तर परवान्याचा प्रश्न मिटला. त्याची लेखी परवानगी घ्या. चार वारसांपैकी एकच सापडला, तर त्याची परवानगी आणि उरलेल्यांच्या हिश्श्यापुरता परवाना, असं करता येतं. काहीच सापडलं नाही, तर कुठे, कधी, कोणत्या नावाने पाहिलं आणि काय उत्तर आलं, हे सगळं लिहून ठेवा. ‘पुष्कळ शोधलं’ एवढ्यावर कुणी परवाना देणार नाही, आणि द्यावा अशी अपेक्षाही धरू नये. संग्रहालयाची छायाचित्रांसाठीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती कॉपीराइटची परवानगी नव्हे.

1956च्या ब्रिटिश कायद्यातली एक जुनी वाटही अजून शिल्लक आहे. हस्तलिखित लोकांना पाहायला खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात आहे, ते 100 वर्षांहून जुनं आहे, लेखकाला जाऊन 50 वर्षं उलटली आहेत आणि हक्कदार कोण ते माहीत नाही, अशा वेळी ठरलेल्या पद्धतीने जाहीर सूचना देऊन ते नव्या पुस्तकात घेता येतं. अर्ज करण्याआधी ही वाट आपल्याला लागू पडते का, ते जाणकाराला विचारा.

पुण्यात किंवा मुंबईत मराठी अनुवाद काढायचा असेल तर ब्रिटिश परवान्याचा काही उपयोग नाही. तो फक्त ब्रिटनमधल्या वापरापुरता आहे. भारतात 1957च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये सार्वजनिक संग्रहातल्या अप्रकाशित लेखनासाठी सवलत आहे. लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला 60 वर्षं उलटलेली हवीत. म्हणजे तोच मृत्यूदाखला इथेही लागणार.

परवाना जास्तीत जास्त सात वर्षांचा मिळतो. 2026 मध्ये घेतलेला 2033 मध्ये संपेल, 2039च्या सहा वर्षं आधी. पुस्तक त्यानंतरही विकायचं असेल तर नूतनीकरण लागेल आणि तेव्हा शोध ताजा करून दाखवावा लागेल. म्हणून पहिल्या वेळची टिपणं, पत्रं आणि दाखल्यांच्या प्रती परवाना हातात आला म्हणून टाकून देऊ नका.