इम्प्लांट हाडात रुजतं कसं?

‘एका दिवसात पक्के दात’ अशा जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात. त्यात अर्धं सत्य आहे. जबड्याचं हाड चांगलं असेल, तर शस्त्रक्रियेच्याच दिवशी तात्पुरते दात बसवता येतात. पण ते पक्के करण्याचं काम डॉक्टरांच्या हातात नसतं. ते काम हाडाच्या पेशी करतात आणि त्यांना त्यासाठी काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. साधारण 4 मिलिमीटर जाडीचा आणि 10 मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, आटे असलेला टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, त्यावर एक जोडभाग आणि त्यावर कॅप. भिंतीत खुंटी ठोकावी तसा हा स्क्रू घट्ट बसवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पहिल्या दिवसापुरतं ते बरोबरही आहे. नंतर मात्र गोष्ट पूर्ण बदलते.

स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलेलं असे. प्रयोगानंतर ते काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. त्यांनी हा धागा सोडला नाही आणि 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात पहिली इम्प्लांट बसवली. हाड आणि धातूच्या या सांध्याला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात.

हे टायटॅनियमला कसं जमतं? हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, उघड्या धातूशी नाही. हा थर फार स्थिर असतो, सहजी विरघळत नाही. एरवी परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय ऊतीचं वेष्टण तयार करून तिला वेगळं पाडतं. इथे मात्र हाड थेट पृष्ठभागापर्यंत येऊन पोचतं.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. ड्रिलने केलेल्या भोकात आधी रक्त भरतं आणि गोठतं. त्या गुठळीतले फायब्रिन या प्रथिनाचे धागे इम्प्लांटच्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटतात. त्या धाग्यांवरून हाड घडवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, सरकत येतात आणि नवं हाड रचू लागतात. त्याच वेळी हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, आट्यांखाली दबलेलं, इजा झालेलं जुनं हाड साफ करत असतात. पण ज्या जुन्या हाडाने पहिल्या दिवशी पकड दिली होती, तेच हे! त्यामुळे जुनी पकड घटते आणि नवी अजून पुरती आलेली नसते. म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असू शकते. रुग्णाला या वेळी दुखत नसतं, सूज उतरलेली असते आणि कडक काहीतरी चावून पाहायचा मोह होतो. या काळात स्क्रू 100-150 मायक्रोमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. तशी पकड पुढे टिकत नाही.

ड्रिल चालू असताना सतत सलाइन सोडतात, त्यालाही असंच कारण आहे. हाडाचं तापमान मिनिटभर 47 अंश सेल्सिअसवर राहिलं, तरी त्याला इजा होऊ शकते. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हेही हाड भरून येण्याच्या आड येतात, हे आधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

वरच्या दातांना हात लावला की नजर जाते, या भीतीपायी कित्येक जण उपचारच टाळतात. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंना क्रमांक दिलेले आहेत: दातांची संवेदना वाहणारा पाचवा आणि दृष्टीचा दुसरा. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत, ही भीती निराधार आहे.

सगळे दात गेलेल्यांना प्रत्येक दातासाठी वेगळं इम्प्लांट लागत नाही. खालची कवळी सगळ्यात जास्त त्रास देते, कारण तिला टेकायला जागा कमी आणि जीभ तिला सतत उचलते. पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवली, तरी चावण्यात मोठा फरक पडतो. चार किंवा अधिक इम्प्लांटवर पूर्ण दंतपंक्ती कायमची बसवण्याचीही पद्धत आहे. पण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. फार वर्षं थांबलं, तर आधी हाड भरून घ्यावं लागू शकतं.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती सुमारे 0.2 मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. तो धक्का झेलतो आणि किती जोराने चावतोय हे मेंदूला कळवतो. इम्प्लांटभोवती हा थर नसल्याने जास्त भार पडला तरी चटकन कळत नाही. त्यावर कीड लागत नाही, पण हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट मळातल्या जिवाणूंमुळे हिरडी सुजते आणि पुढे आधाराचं हाडही झिजतं. हे बरेचदा न दुखता घडतं. ब्रश करताना रक्त आलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं.