चर्चिल सभागृहातली बैठक

एका छोट्या लोकशाही देशाच्या सीमेवर बलाढ्य शेजारी फौज जमवतोय. अमेरिकेनं मध्ये पडावं का? हा काल्पनिक पेच मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. प्रयोग प्रसिद्ध झाला १९८१ साली.

पेच सगळ्यांना एकच, बदलले होते फक्त किरकोळ तपशील. काहींच्या मजकुरात निर्वासित मालगाडीच्या डब्यांतून पळत होते आणि बैठक ‘विन्स्टन चर्चिल सभागृहा’त होती. इतरांच्या मजकुरात निर्वासित छोट्या होड्यांतून निघाले होते आणि बैठक ‘डीन रस्क सभागृहा’त. चर्चिल हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटनचे पंतप्रधान, तर रस्क हे व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. सभागृहाच्या नावाचा युद्धाशी संबंध काय? शून्य. तरी चर्चिलवाल्या गटाचा कल हस्तक्षेपाकडे जास्त झुकला. गंमत म्हणजे, हा पेच तुम्हाला कोणत्या युद्धासारखा वाटतो, असं थेट विचारल्यावर दोन्ही गटांच्या उत्तरांत म्हणावा असा फरक नव्हता. आठवणीनं कौल देऊन टाकला होता, डोक्याच्या मालकाला पत्ताच नाही.

असं होतं, कारण आठवण वर येते ती वरवरच्या साम्यावर. नावं, चेहरे, होड्या, गाड्या. कशामुळे काय घडलं ही आतली रचना सारखी आहे का, हे तपासणं वेगळं काम आहे आणि ते आपोआप होत नाही. आपणही निवडणुकीतल्या पराभवाला ‘पानिपत’ म्हणून मोकळे होतो. तिथे उपासमार होती का, रसद तुटली होती का, कोण विचारतो!

राज्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र हे महागात पडतं. १९३८ साली म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सनं हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग देऊ केला आणि पुढच्या मार्चमध्ये त्यानं प्राग गिळलं. ‘आक्रमकाला आधीच रोखा’ हा त्यातून निघालेला धडा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना १९५० साली कोरियात आठवला, ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांना १९५६ साली सुएझ कालव्याच्या पेचावेळी, आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये. कोरियाच्या आठवणीचा एक उपयोगही झाला, तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा: तिथे चीन अचानक युद्धात उतरला होता, म्हणून उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक करताना अमेरिकेनं हात आखडता ठेवला.

जॉन्सन यांचे उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांनी मात्र उलटा प्रश्न धरला: कोरिया आणि व्हिएतनाममध्ये फरक काय? ऑक्टोबर १९६४ मधल्या त्यांच्या ६७ पानी टिपणात तो सविस्तर आहे. कोरियात संयुक्त राष्ट्रांचा ठराव पाठीशी होता, दक्षिण व्हिएतनामच्या बाबतीत तो नव्हता. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, सरकार टिकून होतं; दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावमध्ये, सत्तापालट चाललेले. कोरियात रीतसर सैन्य उघडपणे सीमा ओलांडून आलं, इथे शत्रू गावागावांत मिसळलेला, गनिमी काव्यानं लढणारा. बॉलही आठवणींपासून मुक्त नव्हते, बरं का! पन्नाशीच्या दशकात वकील म्हणून फ्रेंच सरकारचं काम करताना त्यांनी फ्रान्सचा इंडोचीनमधला, म्हणजे व्हिएतनामच्याच भागातला, पराभव जवळून पाहिला होता. पण कोरियाची उपमा त्यांनी एकेक मुद्दा घेऊन तपासली.

ते टिपण जॉन्सन यांच्या हाती पडलं काही महिन्यांनी. २८ जुलै १९६५ रोजी त्यांनी व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. त्या भाषणातही म्युनिक होतंच.