इन्सुलिन कोणी द्यायचे? कॅलिफोर्नियातील शाळांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शाळेसाठी परिचारिका नेमण्याची प्रथा १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिना रॉजर्स यांच्या नेमणुकीने सुरू झाली. मात्र त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी कॅलिफोर्नियातील सुमारे पाच टक्के शाळांतच पूर्णवेळ परिचारिका होती आणि जवळपास चतुर्थांश शाळांत ती मुळीच नव्हती. शाळेत मधुमेही मुलांना इन्सुलिन परिचारिकेनेच द्यायचे की अन्य कर्मचाऱ्यानेही, हा पुढचा सारा वाद या तुटवड्यातून उभा राहिला.

डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असल्यास परिचारिकेने किंवा शाळेने नेमलेल्या अन्य कर्मचाऱ्याने विद्यार्थ्याला औषध घेण्यास मदत करावी, अशी मुभा या राज्याच्या कायद्याने १९६८ मध्येच दिली होती. गोळीपुरता प्रश्न सोपा होता. इन्सुलिनचे तसे नाही: जेवणाआधी रक्तातील साखर तपासायची, मात्रा पाहायची आणि सुई टोचायची, तीही रोज, ठरल्या वेळी. साखर धोकादायकरीत्या उतरल्यास प्रशिक्षित स्वयंसेवक कर्मचाऱ्याने ग्लुकागॉन हे साखर वाढवणारे औषध द्यावे, अशी तरतूद २००३ च्या कायद्याने केली, पण रोजच्या इन्सुलिनचा प्रश्न तसाच राहिला.

२००५ मध्ये मधुमेही मुलांच्या पालकांनी आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने राज्याच्या शिक्षण खात्याविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींमध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट शहराचा शाळा-जिल्हा, म्हणजे तेथील सरकारी शाळा चालवणारी संस्थाही होती. आज तेथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत. २००७ च्या तडजोडीनंतर खात्याने सूचनापत्र काढून, परिचारिका उपलब्ध नसल्यास प्रशिक्षण घेतलेल्या, परिचर्येचा परवाना नसलेल्या कर्मचाऱ्याने इन्सुलिन द्यायला हरकत नाही, असे स्पष्ट केले. त्यावर, हे काम परवानाधारकांचेच, असे म्हणत परिचारिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही, कारण चुकलेली मात्रा जीवघेणी ठरू शकते. पण ज्या शाळेत परिचारिकाच नाही तेथे मुलाने काय करावे, याचे उत्तर त्यांच्या भूमिकेत सापडत नव्हते. कामावरून आईवडिलांनी धावत यायचे, हीच तेथली सोय होती.

खालच्या दोन्ही न्यायालयांनी संघटनांच्या बाजूने कौल दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये तो एकमताने फिरवला. परिचर्येच्या कायद्यातच, स्वतःला परिचारिका म्हणवून न घेता डॉक्टरांची आज्ञा पाळणाऱ्या व्यक्तीला सूट आहे, आणि घरी इन्सुलिन बहुधा सामान्य माणसेच देतात, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. राज्याचा कायदाच परवानगी देत असल्यामुळे, अपंगांच्या हक्कांविषयीच्या संघराज्य कायद्यांशी त्याचा विरोध होतो काय, हा प्रश्न तपासण्याची गरज न्यायालयाला उरली नाही.