झेंडूचं फूल आणि सुजेचा लगाम

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पावसाळा लागला की काढ्याच्या पुड्यांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं ठळक छापलेलं दिसतं. ते वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. प्रतिकारशक्ती म्हणजे काही टाकीतलं पाणी नव्हे, ओतलं की वाढलं. ती वेळेवर पेटावी लागते, आणि वेळेवर विझावीही लागते.

हे पेटवणं-विझवणं बऱ्याच अंशी युबिक्विटिनच्या हाती असतं. अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. पेशी ते दुसऱ्या प्रथिनावर चिकटवते, त्यावर आणखी एक, मग आणखी एक, अशी माळ होते. माळ चढलेल्या प्रथिनाचे प्रोटिअसोम नावाच्या गिरणीत तुकडे होतात. या शोधासाठी सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रत्येक माळ गिरणीकडे नेत नाही.

त्याच बाजारातला झेंडू पाहा. एकच फूल दाराच्या तोरणात असतं आणि तिरडीवरच्या हारातही. फरक गुंफणीचा. युबिक्विटिनला पुढची कडी अडकवायला ८ जागा आहेत: ७ लायसिन आणि अगदी सुरुवातीचं मेथिओनिन, सगळी अमिनो आम्लंच. ४८ व्या अमिनो आम्लापाशी गुंफलेली माळ बहुधा तिरडीचा हार ठरते. ६३ व्या जागची माळ तोरणासारखी, तिच्याखाली मंडळी जमतात.

आता पायाच्या जखमेतून जिवाणू शिरला असं समजा. काही जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद आणि साखरेचा जोडरेणू, आपल्या पेशीवरचा टीएलआर-४ हा ग्राही ओळखतो. आत निरोप जातो आणि ट्रॅफ-६ हे प्रथिन ६३ ची माळ गुंफतं. त्या माळेला धरून टॅक-१ हे विकर जागं होतं, ते आयकेके या विकराला कामाला लावतं. एकीकडे मेथिओनिनपाशी गुंफलेली सरळ माळही तयार होते. आयकेकेमधला निमो हा घटक ती घट्ट धरतो. एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला एरवी आय-कप्पा-बी अडवून धरतं. आयकेके या आय-कप्पा-बीवर फॉस्फेटची खूण करतं, लगेच ४८ ची माळ चढते आणि तो पहारेकरी गिरणीत जातो. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून सुजेची जनुकं चालू करतं. तोरण आणि तिरडीचा हार, दोन्ही काही मिनिटांत, एकाच फुलाचे!

मला सर्वांत भावतो तो पुढचा भाग. एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांतच ए-२० या प्रथिनाचं जनुक असतं, आणि हे ए-२० त्याच निरोपाला आवर घालतं. म्हणजे आग स्वतःच पाण्याचा बंब बोलावते. ओट्युलिन हे दुसरं विकर सरळ माळा उसवतं.

ए-२० च्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी लहानपणापासून वारंवार ताप आणि तोंडात-गुप्तांगावर व्रण येतात, हे २०१६ मध्ये समोर आलं. ओट्युलिनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळांना जंतू नसतानाही तीव्र दाह होतो. अशा बाळांना आराम पडला तो टीएनएफ हा सुजेचा निरोप्या रोखणाऱ्या औषधांनी.