पाच सेंटांचा फरक : जुन्या अमेरिकी कॉमिकवरच्या बारीक खुणा आल्या कुठून?

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकच्या पहिल्या अंकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर चित्र एकच, कथा एकच, कागदही एकच. एकीवर किंमत ३० सेंट, दुसरीवर ३५. या दुसऱ्या प्रतीसाठी संग्राहक पहिलीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. हे पाच सेंट ना चित्रकाराने घातले, ना लेखकाने. भाव वाढवला तर गिऱ्हाईक टिकेल का, हे आजमावायला प्रकाशक मार्व्हलने जून ते ऑक्टोबर १९७७च्या अंकांवर काही मोजक्या ठिकाणी ३५ सेंट छापून पाहिले. आदल्या वर्षी, एप्रिल ते ऑगस्ट १९७६च्या अंकांवर, २५चे ३० करून असाच प्रयोग झाला होता. ठिकाणं थोडी म्हणून प्रती थोड्या, एवढंच त्यातलं गूढ.

संग्राहक ज्यांना छुपे तपशील म्हणतात ते बहुतेक याच जातीचे आहेत. टपालखात्याचे नियम, वितरकाचा हिशेब आणि छापखान्यातली बोथट पाती यांनी ते निर्माण केले. कॉमिक टिकावं म्हणून कुणी छापलंच नव्हतं. वाचून झालं की रद्दीत, हाच त्याचा ठरलेला मार्ग होता.

त्याचा आकारच पाहा. अमेरिकेत रविवारच्या वृत्तपत्रांबरोबर रंगीत चित्रकथांची पुरवणी येई. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीची ईस्टर्न कलर प्रिंटिंग कंपनी अशा पुरवण्या छापत असे. वृत्तपत्राच्या पानाची एक घडी घातली की टॅब्लॉइड होतं, आणखी एक घातली की कॉमिक. या मापाचं ‘फनीज ऑन परेड’ १९३३मध्ये निघालं, तेही विकायला नव्हे. प्रॉक्टर अँड गॅम्बलची कुपनं कापून पाठवणाऱ्यांना ते भेट मिळायचं. पुढे या धंद्याचा साचा ठरून गेला : आत वर्तमानपत्राचा कागद, बाहेर जरा गुळगुळीत मुखपृष्ठ, पाठीत दोन पिना. या साच्याचे दोषही मग कायमचे झाले. न्यूजप्रिंट लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून होतो. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागून पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं, आधी कडा तपकिरी होतात आणि मग मोडायला लागतात. पिना गंजतात, मधलं जोडपान सुटतं आणि कुठेतरी पडून जातं. म्हणून जुना अंक घेताना आधी पानं मोजायची आणि मधल्या जोडपानाची भोकं बाकीच्या पानांच्या भोकांशी जुळतात का ते पाहायचं. न जुळणारं जोडपान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं असण्याची शक्यता मोठी.

सुपरमॅन प्रथम अवतरला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १८ एप्रिल १९३८ला विक्रीला आला, मुखपृष्ठावर मात्र जून छापलेला आहे. छापलेला महिना उलटला की विक्रेता अंक मांडणीवरून काढून परत पाठवायचा. तारीख जितकी पुढची, तितके जास्त दिवस अंक डोळ्यांसमोर. न खपलेला पुरा अंक परत पाठवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे मुखपृष्ठाचा वरचा, नाव असलेला पट्टा फाडून तेवढाच वितरकाला धाडायचा, पैसे वळते करून घ्यायचे आणि उरलेला अंक नष्ट करायचा, असा नियम होता. तो पाळला गेला असता तर पट्टा फाडलेल्या इतक्या प्रती आज बाजारात दिसल्या नसत्या. माल आला की दुकानदार पेन्सिलीने मुखपृष्ठावर तारीख लिहायचा किंवा शिक्का मारायचा. खूण लहान आणि नेटकी असेल तर ग्रेड (अंकाच्या स्थितीला मिळणारा दर्जा) तिच्यापायी फारशी घसरत नाही, आणि अंक त्या दुकानात नेमका केव्हा पोहोचला हे तिच्यावरूनच कळतं.

‘मार्व्हल कॉमिक्स’चा पहिला अंक १९३९चा. पहिल्या खेपेवर ऑक्टोबर छापला होता. ती हातोहात गेली, मग पुन्हा छपाई झाली आणि ऑक्टोबर या शब्दावर काळा ठिपका मारून नोव्हेंबर घातला गेला. त्यामुळे ठिपका नसलेली प्रत दुर्मीळ. याच अंकाची एक प्रत अशी आहे की तिच्या पानापानांवर कुणाला किती डॉलर द्यायचे ते हाताने खरडलेलं आहे. एरवी असं लिखाण म्हणजे सरळ दोष. ही प्रत मात्र २०२२मध्ये चोवीस लाख डॉलरांच्या वर गेली, कारण ती प्रकाशकाच्या हिशेबाचीच प्रत होती. सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरांना विकत घेतले गेले, त्या व्यवहाराचा चेकसुद्धा २०१२च्या लिलावात १,६०,००० डॉलरांना गेला.

टपालखात्याचा हात सर्वांत लांब. सवलतीच्या दरात नियतकालिक पाठवायचं तर त्यात काही मजकूर नुसत्या अक्षरांत हवा, म्हणून जुन्या कॉमिकमध्ये मध्येच दोन पानांची रटाळ गद्य गोष्ट सापडते. ती कुणी फारशी वाचत नसे. पुढे तिची जागा वाचकांच्या पत्रांनी घेतली. नव्या नियतकालिकासाठी टपालाचा नवा परवाना काढावा लागे, त्यामुळे बंद पडलेल्या किंवा नाव बदललेल्या अंकाचे क्रमांक तसेच पुढे चालवायची सवय प्रकाशकांना लागली. १९५९मध्ये सुरू झालेल्या ‘द फ्लॅश’चा पहिलाच अंक क्र. १०५ आहे. १९६८मध्ये ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चं नाव बदलून ‘कॅप्टन अमेरिका’ झालं आणि ते क्र. १००पासून निघालं, ‘टेल्स टू ॲस्टॉनिश’चं ‘हल्क’ झालं ते क्र. १०२पासून. शोधणारा नवखा असेल तर क्र. १ शोधत बसतो.

खरा खजिना पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतो : प्रकाशकाचा पत्ता, नियतकालिकाचं अधिकृत नाव, परवान्याचा तपशील. मुखपृष्ठ काहीही ओरडत असलं तरी अंक कोणता आणि पुनर्मुद्रण आहे का, हे इथे पाहायचं. १९६०च्या दशकापासून वर्षातून एकदा ‘मालकी व खपाचं निवेदन’ही छापावं लागू लागलं. त्यात सरासरी छपाई, प्रत्यक्ष विक्री आणि परत आलेल्या प्रती असे आकडे असतात. जुन्या कॉमिकच्या खपाबद्दल ज्या गप्पा चालतात, त्यांची खातरजमा करायला याहून बरं साधन नाही.

जुन्या प्रती मुळात कमी का, याचं पहिलं उत्तर महायुद्धातल्या कागद गोळा करण्याच्या मोहिमा. मुलांनी आपले गठ्ठेच्या गठ्ठे देशासाठी देऊन टाकले. युद्धानंतर कॉमिकमुळे मुलं बिघडतात असं वारं सुटलं; १९४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला त्यांची जाहीर होळी झाली. एप्रिल १९५४मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’, म्हणजे मजकुरावर बंधनं घालणारी नियमावली, स्थापन केला. त्याचा टपाल तिकिटासारखा शिक्का १९५५पासून मुखपृष्ठांवर दिसतो. भयकथांचे कोडपूर्व अंक त्यामुळेच वेगळा वर्ग म्हणून जमवले जातात. पुढे १९७१मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे क्र. ९६ ते ९८ अमली पदार्थांच्या कथेमुळे शिक्क्याविना निघाले. ९५ आणि ९९वर शिक्का आहे, मधल्या तिघांवर नाही. जागेवर बोट ठेवून पाहता येतं.

आता छपाई. निळसर, किरमिजी आणि पिवळा हे तीन रंग प्रत्येकी चार पायऱ्यांत वापरायचे (काहीच नाही, पाव, अर्धा, पूर्ण), म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट छटा. त्यात करडा हा कटकटीचा रंग. मे १९६२च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता, पण तो रंग पानोपानी एकसारखा छापला जाईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. हल्कचा जगप्रसिद्ध हिरवेपणा छापखान्याच्या अडचणीतून आला, आणि आम्हाला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

त्याच काळातल्या मार्व्हलच्या अंकांना उजव्या आणि वरच्या कडेला दातांनी कुरतडल्यासारखे तुकडे गेलेले असतात. कटाईची पाती बोथट झाली की ती कागद कापण्याऐवजी तोडते. संग्राहक याला ‘मार्व्हल चिपिंग’ म्हणतात. हाताळणीतून झालेल्या फाटीइतकं ते अक्षम्य धरत नाहीत, तरी ग्रेड खाली येतेच. याच्या उलट प्रकार म्हणजे दुहेरी मुखपृष्ठ. यंत्रात दोन मुखपृष्ठं एकदम गेली आणि दोन्ही टाचली गेली. बाहेरचं मळतं, आतलं साठ वर्षांनीही कोरं राहतं. चूक असूनही अशी प्रत चढ्या भावाने जाते.

कात्रीचं प्रकरण वेगळंच. १९७४मध्ये मार्व्हलने पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापायला सुरुवात केली : कापा, चिकटवा, शंभर जमवा. नोव्हेंबर १९७४च्या ‘हल्क’ क्र. १८१मध्ये, म्हणजे वुल्व्हरिन पहिल्यांदा पुरेपूर दिसतो त्या अंकात, क्र. ५४चा, शाना या पात्राचा स्टॅम्प आहे. मुखपृष्ठ आरशासारखं असेल, पण स्टॅम्प कापलेला असेल तर किंमत कोसळते. फोटोवरून व्यवहार करायचा असेल तर पत्रांच्या पानाचा फोटो मागायचाच. विकणारा टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं असं समजावं.

परदेशी जाणाऱ्या प्रतींमुळेही फरक पडले. १९६०पासून ब्रिटनला जाणाऱ्या मार्व्हलच्या प्रतींवर त्याच छपाईत फक्त किंमतीची पट्टी बदलून ‘९डी’, म्हणजे नऊ पेन्स, छापलं जाई. ही पुनर्मुद्रणं नव्हेत. सेंट छापलेल्या प्रतीवर ब्रिटिश वितरकाने शाईचा शिक्का मारलेला असेल तर मात्र ती साधी अमेरिकी प्रत. कॅनडासाठी १९८२पासून काही वर्षं वेगळी किंमत छापली जात होती. अमेरिकेत ६० सेंट तर तिथे ७५. अमेरिकी लष्करी तळांवर जाणाऱ्या प्रतींत मार्क ज्वेलर्स या सराफी दुकानाचं जाड, चकचकीत जाहिरातपत्रक टाचलेलं असे. वर्षानुवर्षं लोक ते उपटून टाकत; आता ते असणं हाच वेगळा प्रकार ठरतो.

यांतलं सर्वांत उपयोगी चिन्ह बारकोडच्या चौकोनात आहे. १९७०च्या दशकात फिल स्यूलिंग यांनी कॉमिकच्या खास दुकानांना थेट माल देण्याची पद्धत बसवली : सूट जास्त, पण न खपलेला माल परत नाही. आता जास्त सुटीने घेतलेले अंक कुणी वर्तमानपत्रांच्या दुकानामार्फत परत करून पैसे उकळले तर? म्हणून दोन्ही प्रती ओळखू याव्यात अशा केल्या गेल्या. दुकानाच्या प्रतीवर आधी किंमतीभोवती हिऱ्याचा आकार आला, मग बारकोडवर काट मारली गेली किंवा त्या जागी स्पायडर-मॅनचा चेहरा आला. बारकोडवाल्या प्रती किराणा दुकानांच्या फिरत्या मांडणीवर चुरगळल्या, आणि जसजशी त्या वाटेची विक्री आटत गेली तसतशा त्या विरळ झाल्या. लेखाच्या सुरुवातीला आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकाकडे वळायचं तर फसवणूक इथेच होते. त्या अंकाची पुनर्मुद्रणंही ३५ सेंटांची आहेत. प्रयोगातल्या प्रतीवर किंमत चौकोनात आणि बारकोड रेघांसह असतो. किंमत हिऱ्यात असेल, बारकोड नसेल किंवा कोपऱ्यात ‘रीप्रिंट’ लिहिलेलं असेल तर ती सामान्य प्रत.

रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या कॉमिकची दरपुस्तिका १९७०मध्ये आली. १९७७मध्ये कोलोराडोत एडगर चर्च यांचा हजारो अंकांचा संग्रह चक रोझान्स्की यांनी घेतला तेव्हा पांढरी पानं म्हणजे काय हे लोकांना कळलं. कोरडी हवा, घट्ट रचलेले ढीग, अंधार. आज मायलर या प्लॅस्टिकच्या महागड्या पाकिटाने जे साधायचं ते तिथे आपसूक साधलं होतं. २०००मध्ये सीजीसी कंपनीने दहापैकी ग्रेड देऊन अंक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करायला सुरुवात केली. निळी पट्टी म्हणजे मूळ स्थितीतला, जांभळी म्हणजे डागडुजी केलेला, हिरवी म्हणजे एखाद्या ठळक दोषासह. स्टॅम्प कापलेल्या ‘हल्क’ क्र. १८१वर हीच हिरवी पट्टी दिसते.

ग्रेडने पैसा वाढला तशी कात्रीही चालली. मळकी कड छाटून अंक नवा दाखवतात. नुसती पट्टी लावून हे पकडता येत नाही, कारण मूळ कटाईतच काही मिलिमीटरचा फरक असे. त्याच महिन्याचा दुसरा अंक शेजारी ठेवायचा, कड तिरकी आहे का पाहायचं आणि रंग तपासायचा : बाकी पानं पिवळसर पण कडेचा काप पांढराशुभ्र असेल तर पातं अलीकडेच फिरलं आहे. कण्यावरच्या पांढऱ्या चिरा मार्करने रंगवल्या असतील तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाई झिरपलेली दिसते. ‘ॲक्शन’ क्र. १च्या नावाने येणारी सर्वांत जुनी फसगत याहून सोपी आहे. सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने १९७४मध्ये त्याचं मोठ्या आकारातलं पुनर्मुद्रण काढलं. बाहेरचं जाड आवरण काढलं की आत जाहिरातींसकट हुबेहूब अंक. पण तो १० गुणिले १३.५ इंच आहे, मूळ अंक साधारण पावणेआठ गुणिले साडेदहा. फूटपट्टी काढली की संपलं.

१९९१च्या ‘एक्स-मेन’ क्र. १च्या ८१ लाखांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह, आणि घेणाऱ्यांनी त्या जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आजही त्या मातीमोल.

याच्या दुसऱ्या टोकाला १९९९चा ‘एल्सवर्ल्ड्स ८०-पेज जायंट’. त्यातल्या एका विनोदी कथेत तान्हा सुपरमॅन मायक्रोवेव्हमध्ये शिरतो. डीसीने छपाईनंतर कच खाऊन अमेरिकेसाठीच्या सगळ्या प्रती लगद्यात घातल्या. युरोपचा माल मात्र त्याआधीच रवाना झालेला होता. जमवणाऱ्यांच्या हाती आज आहेत त्या प्रती त्या खेपेतल्या.